छत्तिसांतला हललेला फोटो

४ मार्च

दादा,

सोबत दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून एक फोटो पाठवते आहे. पुठ्ठे चांगले आहेत, काम झालं की परत पाठव. फोन का नाही केलास असं विचारू नकोस. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

मागच्या खोलीतल्या फळीला वाळवी लागली म्हणून सगळं खाली काढलं, त्यात हा सापडला. माझं बाइंडिंगचं दुकान उघडलं त्या संध्याकाळचा, तूच काढलेला. मी मध्ये उभी आहे, शेजारी मामी, मागे आठ-दहा माणसं चहाचे कप धरून. त्यांच्या मागे रस्त्याकडची मोठी काच. फोटो इतका हललाय की मामीला तीन हनुवट्या आल्यात. दोन तिच्या स्वतःच्या होत्या, पण तिसरी तुझी कृपा. म्हणूनच तो अल्बममध्ये गेला नाही आणि मीही कधी नीट पाहिला नाही. परवा पाहिला. काचेच्या बाहेर एक बाई उभी आहे. चेहऱ्याच्या जागी नुसता पुसट डाग, पण एक खांदा खाली टाकून उभं राहायची तऱ्हा बघितली आणि मी फोटो घेऊन खिडकीपाशी गेले. ती ताई आहे का?

आता हे बावीस वर्षांनी कुठून निघालं, ते सांगते. गेल्या आठवड्यात ताईचं कार्ड आलं. ‘बाबांचा कारखाना बंद केला. यंत्रं गेली. २८ एप्रिलला मुलाकडे जाते आहे, कायमची. तुला कळवावं म्हणून.’ मुलाकडे म्हणजे विमानाने सोळा तास. ‘भेटायला ये’ असं तिने लिहिलेलं नाही. ती लिहिणारही नाही.

मी जाणार नाही, हे मी कार्ड वाचता वाचताच ठरवलं. तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण लिहिलं की माझं मलाच स्पष्ट होतं. बाबा गेल्यावर ताईला त्यांच्या बाइंडिंगच्या कारखान्यात शाळा-कचेऱ्यांची रजिस्टरंच बांधायची होती. मला जुनी फाटकी पुस्तकं दुरुस्त करायची होती, हातशिलाईच्या वह्या करायच्या होत्या. कडाक्याचं भांडण झालं. मी दोन तासांवरच्या या गावात येऊन दुकान काढलं, आणि ती म्हणाली, चार महिन्यांत कुलूप लागेल. तरी मी तिला आमंत्रण पाठवलं, स्वतः शिवलेल्या चिमुकल्या वहीत लिहून. त्या संध्याकाळी मी दर पाच मिनिटांनी दाराकडे बघत होते. ती आली नाही. तेव्हाच मी ठरवलं, जी माझ्या दारात आली नाही तिच्या दारात मी पाऊल टाकणार नाही. नंतर आम्ही एकदाच समोरासमोर आलो, तुझ्या लग्नात, आणि तिथेही जेवायला वेगवेगळ्या पंगतीला बसलो.

पण ती आली असेल तर? आत नाही, काचेपर्यंत का होईना, आली असेल तर मला जायलाच हवं. फोटो तूच काढलास. तुला तिथे कोणी दिसलं होतं का? नसेल आठवत, तर तो साफ करून दे. एवढ्या लोकांच्या जुन्या फोटोंतले आजोबा-पणजोबा धुक्यातून बाहेर काढतोस, एक बाई काढायला तुला जड नाही.

धाकटी


९ मार्च

धाकटे,

पुठ्ठे सुखरूप पोचले. सोबत फोटोही आला, पण तुझ्या पत्राचा सूर बघता मुख्य पाहुणे पुठ्ठेच दिसतात.

बावीस वर्षांपूर्वी काचेबाहेर कोण होतं ते मला काय आठवणार? मी तुमच्या चेहऱ्यांकडे बघत होतो. मामी नेमकी बटण दाबताना डोळे मिटते, तिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. तेव्हा माझ्या आठवणीवर विसंबू नकोस. माझ्या हातावर विसंब, तो अजून शाबूत आहे.

फोटो पाहिला आणि हसू आलं. हे काम माझ्यासाठी डाव्या हाताचा मळ आहे. तुला कळावं म्हणून सांगतो. लोक कुठल्याही पुसट फोटोला एकाच नावाने ओळखतात, पण त्यात तीन वेगळे आजार असतात. एक, भिंग नीट लावलं नव्हतं. मग प्रत्येक ठिपक्याचा गोल डाग होतो. दोन, समोरचं माणूस हललं. मग तेवढंच माणूस फराटतं आणि बाकी जग जागच्या जागी राहतं. तीन, कॅमेरा धरणारा हात हलला. मग सगळंच्या सगळं एका दिशेने ओढलं जातं, मामीच्या हनुवटीसकट. आपल्याकडे तिसरा आजार आहे, आणि त्यातल्या त्यात तोच बरा होणारा. हात ज्या वाटेने गेला ती वाट सापडली, की फोटोला त्याच वाटेने परत आणता येतं.

शिवाय निगेटिव्ह माझ्याकडे आहे. त्या संध्याकाळचा अख्खा रोल, पाकिटावर तारीख घालून. छापील फोटोत हरवलेलं पुष्कळ काही निगेटिव्हमध्ये जिवंत असतं. माझी खोली तू पाहिलेली नाहीस. भिंती राखाडी, पडदे राखाडी, टेबलसुद्धा राखाडी, कारण आजूबाजूला रंग असला की डोळा फसतो. बायको म्हणते, ढगात बसून काम करतोस. त्या ढगात बसून मी तुझी बाई काढतो.

एक मात्र आधीच सांगून टाक. चेहरा निघाला आणि ती ताई असली, तर जाशील ना? नक्की?

दादा


१३ मार्च

दादा,

नक्की. त्याच दिवशी दुकानाला कुलूप लावून जाईन.

पण एक माझंही ऐक. मी फाटकी पुस्तकं दुरुस्त करते. पान हरवलं असेल तर तिथे कोरा कागद शिवते, माझ्या मनाचं लिहून काढत नाही. गिऱ्हाइकांना राग येतो, येऊ दे. तूही तेवढंच कर. जे आहे ते दाखव, जे नाही ते नाही म्हण.

दिवस थोडे आहेत, हे लक्षात ठेव.

धाकटी


२१ मार्च

धाकटे,

झालं! सोबत मोठा छाप पाठवतो आहे. बस आणि मग बघ.

मी म्हटलं होतं ना? काचेबाहेरच्या बाईचा चेहरा आता लख्ख आहे. कपाळ, भुवया, ती नाकावर माशी बसू न देणारी नजर. मला काही सांगायची गरज नाही, तुझी तूच ओळख. मी तर बघता क्षणी हात जोडले.

संगणकावर असलं काम करायला आता नवी साधनं आली आहेत. पूर्वी जिथे मी आठ-आठ दिवस ब्रश घेऊन बसायचो तिथे ती अर्ध्या तासात चेहरा उभा करतात. अर्थात वर माझा हात फिरलाच, नुसत्या यंत्राच्या भरवशावर मी काही सोडत नाही.

आता दुकानाला कुलूप लाव आणि निघ. गेलीस की कळव. मला फार बरं वाटेल, इतकं की ते लिहिता येत नाही.

दादा


२५ मार्च

दादा,

ओळखलं. ताईच आहे. चष्म्यासकट ताई आहे.

फक्त एक अडचण आहे. माझं दुकान उघडलं तेव्हा ताईला चष्मा नव्हता. अंधारातसुद्धा सुईत दोरा ओवायची ती. पहिला चष्मा तिच्या नाकावर मी पाहिला तो तुझ्या लग्नात, चार वर्षांनी. काळ्या जाड काड्या, डावी काडी कानावर थोडी वर. तुझ्या छापातही डावी काडी वर आहे. तू तुझ्या लग्नाच्या अल्बममधून ताई उचललीस आणि माझ्या काचेत बसवलीस.

तुझी कारागिरी अफाट आहे, दादा. चार वर्षं पुढचा चष्मा असा बसवलास की काचेचं प्रतिबिंबसुद्धा चुकलं नाही. पण मी तुला एकच गोष्ट सांगितली होती, आणि नेमकी तीच तू केली नाहीस. तुला वाटलं ती ताई असावी, म्हणून तू ती ताई केलीस. म्हणजे खरी बाई कोणीतरी परकीच असणार. नाहीतर तुला सोंग उभं करायची वेळ का आली असती?

दोन दिवस मी तो छाप समोर ठेवून बसले होते. चष्मा दिसण्याआधी मी खूप रडले, हेही तुला कळू दे. मग चष्मा दिसला.

मी जाणार नाही. छाप परत पाठवते आहे. पुठ्ठे ठेवून घे.

धाकटी


७ एप्रिल

धाकटे,

दोन आठवडे मी तुला लिहिलं नाही, कारण लिहायला तोंड नव्हतं. आता सरळ लिहितो. तू म्हणालीस ते खरं आहे. त्या यंत्राला पुसट चेहरा दिला की ते अंदाजाने नवा चेहरा रचतं. पहिल्यांदा त्याने रचली ती कोणी अनोळखी, गुळगुळीत बाई होती, साबणाच्या जाहिरातीतली शोभेल अशी. मग मी त्याला ताईचे फोटो खायला घातले, तेव्हा त्याने ताई रचून दिली. चष्मा माझ्या लक्षातच आला नाही. ताई म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे चष्मा असतोच. तीस वर्षं मी हे काम करतोय आणि असला गाढवपणा माझ्या हातून झाला. माझी मला लाज वाटते.

आता काय केलं ते सांगतो, आणि यात मी एक ठिपकाही माझ्या पदरचा घातलेला नाही.

ते सगळं पुसून पुन्हा निगेटिव्हपासून सुरुवात केली. तुझ्या दुकानात तेव्हा छताला दोन उघडे दिवे लोंबत होते, आठवतात? फोटोत त्यांच्या आत तापलेल्या तारेचा नुसता ठिपका दिसायला हवा होता. त्याऐवजी दोन्ही ठिकाणी बारीकशी रेघ आहे, खाली जाऊन डावीकडे वळलेली, स्वल्पविरामासारखी. चहाच्या कपांच्या कडांवर जिथे जिथे प्रकाश चमकतो तिथेही तोच स्वल्पविराम. हीच ती वाट. माझा हात तेवढ्या क्षणात नेमका कसा हलला, ते त्या दिव्यांनी लिहून ठेवलंय.

ती रेघ कापून घेतली, संगणकाला दाखवली आणि सांगितलं, प्रत्येक ठिपका या वाटेने फराटलाय, त्याला माघारी आण. एकदम जोर केला तर कडांभोवती लाटा उठतात, पाण्यात खडा टाकल्यासारख्या. म्हणून थोडं थोडं, चाळीसेक वेळा. चौथ्या दिवशी फोटो जागेवर आला. मामीच्या दोन हनुवट्या, तुझी वेणी, फळीवरच्या वह्यांचे कणे, त्यांच्यावरची शिवण. टाके मोजता येतात.

पण त्या बाईचा चेहरा आला नाही, धाकटे. माझा हात हलला तो वेगळा आणि ती हलली ती वेगळी. तिने नेमकी तेव्हाच मान वळवली असावी. चेहरा आडवा पुसला गेलाय आणि तो परत आणण्याची वाट कुठेच लिहिलेली नाही. तिथे तुझ्या भाषेत कोरा कागद आहे.

तिचा हात मात्र काचेला टेकलेला आहे. टेकलेला, म्हणून स्थिर. तो पूर्ण आला. तेवढाच भाग मोठा करून पाठवतो आहे. सोबत पूर्ण फोटो, आणि अख्ख्या रोलचा एक छाप, छत्तीसही चौकोन लहान लहान, म्हणजे तुला कशावर शंका घ्यायची असेल तर घेता येईल. मी त्या हाताबद्दल काही बोलत नाही. तुला जे दिसेल ते तुझं.

पुठ्ठेही परत पाठवतो आहे. ते मला ठेवून घेववत नाहीत.

दादा


११ एप्रिल

दादा,

हात पाहिला. भिंगाखाली पाहिला, मग उजेडात नेऊन पाहिला, मग पुन्हा भिंगाखाली.

करंगळीला पट्टी आहे. मलम लावून बांधतात तसली नव्हे. बाइंडिंगच्या कापडाची, दोन वेढे, गाठ न मारता टोक आत खोचलेलं. गाठ मारली तर ती शिवताना दोऱ्यात अडकते. हे आम्हाला बाबांनी शिकवलं, दोरा ओढून ओढून बोट चिरतं म्हणून. पण बाबा तर्जनीला बांधायचे, मीही तर्जनीलाच बांधते. अख्ख्या जगात दोरा करंगळीने ओढणारी एकच बाई मला माहीत आहे. बाबा त्यावरून तिच्यावर किती वेळा रागावले असतील, ती ऐकेल तर शपथ. म्हणायची, माझी करंगळी, मी बघेन.

ती आली होती. कामावरून उठून तशीच आली होती, पट्टी सोडायचंही भान तिला राहिलं नाही. आणि मी आत उभी राहून दाराकडे बघत बसले, काचेकडे नाही. मला स्वतःचा इतका राग आलाय की तो कुठे ठेवू ते कळत नाही.

मी जाते आहे. सोमवारी, वीस तारखेला.

पण दादा, तू पाठवलेला तो छत्तीस चौकोनांचा छापही मी पाहिला. पस्तीस चौकोन काचेसारखे स्वच्छ. मामी खोकतेय तोही स्वच्छ. एक मूल टेबलावरून उडी मारतंय तोही स्वच्छ. तू बटण दाबताना श्वास रोखून धरतोस, दुसऱ्यालाही घेऊ देत नाहीस. तुझा हललेला फोटो मी आजवर पाहिलेला नाही. मग नेमका हाच कसा हलला?

बाई काचेपाशी उभी आहे, तू काचेकडे तोंड करून उभा आहेस. उत्तर मला समजलंय असं मला वाटतं. तरी ते तुझ्या हातचं हवं. आणि या वेळी कोणाचाही चष्मा लावू नकोस.

धाकटी


१५ एप्रिल

धाकटे,

हो. मी तिला पाहिलं होतं.

मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि तुमच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून मला आधी तीच दिसली. काचेला हात लावून तुझ्या पाठीकडे बघत होती. मी आनंदाने हाक मारणार, तेवढ्यात तिने मला पाहिलं आणि मान हलवली. नको, नको, अशी. मी मागच्या पत्रात लिहिलं की तिने मान वळवली असावी. वळवली नव्हती. ती मला ‘नको’ म्हणत होती, आणि माझं बोट तोवर बटणावर गेलं होतं. तिचा चेहरा पुसला गेला तो त्या ‘नको’मुळे, आणि माझा हात हलला तोही त्यामुळेच.

मी रोल आणायचं निमित्त करून बाहेर पळालो. ती बसथांब्यावर उभी होती. मी म्हटलं, ‘ताई, वेड लागलंय का? आत चल.’ ती म्हणाली, ‘मी आत गेले की सगळे माझ्याभोवती जमणार. थोरली आली, थोरलीने माघार घेतली, हेच बोलत बसणार. आज तिचा दिवस आहे, तिचाच राहू दे.’ मग म्हणाली, ‘काचेत ती निळी वही उघडी ठेवलीय, ती कोणी शिवली?’ मी म्हटलं, तिनेच. ताई म्हणाली, ‘शिवण सरळ आहे.’ एवढंच. आणि बस आली तेव्हा पायरीवर एक पाय ठेवून माझ्याकडून शब्द घेतला, की हे तुला कधी सांगायचं नाही. मी शब्द दिला. मला वाटलं महिना-दोन महिन्यांचा प्रश्न आहे, दोघी आपणहून बोलाल.

बावीस वर्षं मी मूग गिळून बसलो. तुझ्या तोंडून ‘ती आली नाही’ हे दर वेळी ऐकलं आणि दर वेळी मान डोलावली. तुझं चार मार्चचं पत्र आलं तेव्हा मी खोलीचं दार लावून नाचलो, खरं सांगतो. वाटलं, मला बोलता येत नाही, पण फोटोकडून कोणी शब्द घेतलेला नाही, तो बोलेल. आणि तो लवकर बोलावा म्हणून मी त्याच्या तोंडात खोटं घातलं. खरी गोष्ट होती, मला ठाऊक होती, तीच मी खोट्याने सिद्ध करायला निघालो. तू त्या चष्म्यावरून मला पकडलंस आणि जाणार नाही म्हणालीस, तेव्हा माझी झोप उडाली. माझ्या घाईमुळे तुमची भेट कायमची गेली असती.

आता शब्द मोडलाय. ताईला सांगायचं असेल तर सांग, मी तिचा मार खायला तयार आहे. नाही सांगितलंस तर उपकार होतील.

दादा


२३ एप्रिल

दादा,

तुझ्यावर सवडीने रागवायचं ठरवलं होतं, पण सवड मिळाली नाही. मोठी यादी केली आहे, भेटलास की एक-एक करून वाचून दाखवेन. तोवर घडलं ते सांगते.

सोमवारी सकाळी कारखान्यात गेले. दार उघडंच होतं. आत काही नाही. जिथे जिथे यंत्रं होती तिथे फरशीवर उजळ चौकोन उमटलेत, आणि हवेला अजून खळीचा वास आहे. ताई एका खोक्यावर बसून दुसऱ्या खोक्याला दोरी बांधत होती. करंगळीने ओढत होती. मला बघून म्हणाली, ‘बारीक झालीस.’ मी बारीक झालेली नाही, चांगली पंधरा किलोंनी वाढले आहे. मी म्हटलं, ‘तूही तशीच आहेस.’ तिचे केस पांढरेशुभ्र झालेत. अशा दोन थापा मारून आम्ही बावीस वर्षांनी बोलायला लागलो.

चहा झाला. कप एकच उरला होता, आळीपाळीने प्यायलो. मग मी फोटो काढून तिच्या हातात दिला. तिने लांब धरला, जवळ धरला. ‘ही कोण?’

‘तू.’

‘छे. मी त्या दिवशी कामावर होते. सहाशे रजिस्टरं द्यायची होती.’

‘मग ही करंगळी?’

‘करंगळ्या सगळ्यांना असतात.’

तुझं नाव मी काढलं नाही. शब्द तू मोडलास, मी राखला. पण तिच्यापुढे माझी मात्रा चालेना. मी हात दाखवला, पट्टी दाखवली, आत खोचलेलं टोक दाखवलं. ती म्हणाली, ‘कोणीतरी बाइंडिंगवाली असेल, रस्त्याने जाताना डोकावली असेल, तू उगीच मोठं करतेस.’ आणि फोटो उलटा करून खोक्यावर ठेवला. दादा, त्या क्षणी माझा धीर सुटला. मला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि तरी ती तशीच पुढे निघून जाणार होती. मला तिने नुसतं ‘हो’ म्हणायला हवं होतं. एवढीच माझी हाव होती.

निघताना मी म्हटलं, ‘माझं दुकान तरी बघून जा.’ ती म्हणाली, ‘बांधाबांध राहिलीय.’ मी म्हटलं, ‘माझा धंदाच तो आहे, मी येऊन बांधून देते.’ ती हसली आणि चपला घातल्या. इतक्या पटकन, की मला संशय आला ती विचारायचीच वाट बघत होती. बसमध्ये दोन तास आम्ही तिच्या सुनेबद्दल आणि माझ्या गुडघ्यांबद्दल बोललो.

कोपऱ्यावर उतरलो. ती रस्त्याच्या पलीकडेच थांबली, पदराने कपाळ पुसलं, मान वर करून दुकानाकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘पाटी हिरवी होती ती बरी होती.’

तुला ठाऊक नसेल, कारण तू सगळे फोटो आतून काढलेस आणि त्याच दिवशी परत गेलास. माझी पहिली पाटी हिरवी होती. रंगाऱ्याने काय कालवलं होतं कोण जाणे, आठवड्यातच पोपडे सुटले. दहाव्या दिवशी मी ती उतरवली. तेव्हापासून पाटी निळी आहे. हिरवी पाटी जगात फक्त नऊ दिवस होती, आणि तिचा एकही फोटो नाही.

मी तिथेच, रस्त्यात, भाजीच्या पिशव्या घेऊन जाणाऱ्या माणसांच्या मधोमध रडायला लागले. ताई म्हणाली, ‘काय झालं? निळीही वाईट नाही.’ आपण काय बोलून गेलो ते तिला कळलंच नव्हतं, आणि मीही कळू दिलं नाही. तिने माझं कोपर धरून मला रस्ता ओलांडून नेलं, दार ढकललं आणि माझ्या आधी आत गेली.

अजून इथेच आहे. फळीवरची एकूण एक वही उघडून शिवण तपासून झाली, तीन नापास केल्या. रविवारी तिला सोडायला मी जाणार आहे, बांधाबांधही तेव्हाच. त्याआधी पाटी रंगवायला रंगारी उद्या सकाळी येतोय. तो कालच रंगाचे नमुने दाखवून गेला, आणि ताईने चष्मा चढवून एकेक बघितला आणि एकेक बाजूला सारला. एवढा गडद नव्हता, म्हणाली.

धाकटी